सवारो पार्कची टूर: गाडी लेट, गाईड एक नंबर

मुलाकडे अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सला आलोय तर म्हटलं ते मोठे सवारो कॅक्टस बघून घ्यावेत, म्हणून टूसॉनच्या सवारो नॅशनल पार्कची अर्ध्या दिवसाची टूर बुक केली. कंपनीचं नाव नाही लिहीत, पण पिकअप पाऊण तास लेट, साधं सॉरी नाही, आणि वाळवंटात माणशी एक छोटी पाण्याची बाटली ही चेष्टाच झाली.

गाईड बाई मात्र कमाल. सगळे चाळीस फुटी सवारोसमोर सेल्फी काढत होते तर तिने आम्हाला एका पालो वर्दे झाडाखाली उकिडवं बसवलं (याचं खोडपण हिरवं असतं) आणि म्हणाली, शोधा. पालापाचोळा, काड्या, खडे, काहीच दिसेना. शेवटी आमच्या हिलाच दिसला, बोराएवढा सवारो, अंगभर काटे! वय सात-आठ वर्षं असेल म्हणे, पहिल्या आठ वर्षांत जेमतेम इंच-दीड इंच वाढतो.

पक्षी सवारोची फळं खाऊन फांदीवर बसतात, बी खाली पडतं, आणि सावलीतलं तेवढंच जगतं. उघड्यावरचं रोप उन्हाळ्यात भाजतं नाहीतर हिवाळ्याच्या रात्री गोठतं, शिवाय उंदीर-सशांना लगेच सापडतं. म्हणून अशा सावली देणाऱ्या झाडाला नर्स ट्री म्हणतात, मी हिला दाईचं झाड म्हणून सांगितलं. मेस्किट पण हेच काम करतं, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची भावकीच. पार्कच्या पूर्वेकडच्या भागात पूर्वी चुन्याच्या भट्ट्यांसाठी मेस्किट तोडली, 1979 पर्यंत गुरंही चरत होती, मग दाईच नाही तर पोरं कुठून जगणार, मोठे सवारो उभे पण खाली नवीन रोपच नाही असं झालं. नंतर परत यायला लागली.

पुढची गोष्ट मात्र वाईट आहे. सवारो मोठा झाला की जमिनीलगत पसरलेल्या मुळांनी पावसाचं पाणी आधी ओढतो आणि पुष्कळदा दाईच वाळते. एका ठिकाणी दिसलंच, उंच सवारो आणि त्याला टेकलेला पालो वर्देचा पांढराफटक सांगाडा. ही म्हणाली, घरोघरी मातीच्या चुली. गाईडला इंग्लिशमध्ये सांगायला गेलो, जमलं नाही.

पाचपैकी साडेतीन, ते पण गाईडमुळे. पाणी आणि टोपी आपली न्या, आणि गुडघे दुखत असतील तर फोल्डिंग स्टूल पण, तिच्याकडे एकच होतं.