सहा महिने वापरलं, शेवटी मलाखीवरून भांडले

परवा खात्यातून पुन्हा ७४९ रुपये गेले, तेव्हा कळलं की सहा महिने उलटले आणि हे हिब्रू शास्त्रात शब्द शोधायचं अ‍ॅप न विचारता रिन्यू होतं. म्हणून आज लिहायला बसलेय.

घेतलं होतं एकाच कामासाठी. आम्ही मराठी ज्यू, आणि आमच्याकडे आजीची वही आहे. शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस), सण, मलिदा (एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने करतात तो विधी), सगळी हिब्रू गाणी तिने देवनागरीत उतरवून ठेवलीत. गाता सगळ्यांना येतात, पण कुठली ओळ शास्त्रात कुठे आहे हे विचारलं की सगळे छताकडे बघतात. अ‍ॅपमध्ये हिब्रू शब्द टाकले की तनाखमधली, म्हणजे आमच्या हिब्रू शास्त्रातली, जागा निघते. सोपी गाणी पहिल्याच संध्याकाळी लागली: 'हिन्ने मा तोव' म्हणजे स्तोत्र १३३ची सुरुवात, 'मायिम' यशया १२:३.

मग आला एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याचं गाणं. मलिद्याचं पोहे-खोबऱ्याचं ताट समोर असलं की आमच्याकडे हेच गाणं. त्यातला 'तिश्बी', म्हणजे तिश्बेचा एलियाहू, १ राजे १७:१ला सापडला. पण एलियाहू येणार हे वचन आमच्या मराठी बायबलात मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकात ४:५ला आहे, आणि अ‍ॅपमध्ये मलाखीचा चौथा अध्यायच नाही! कस्टमर केअरला तीन मेल टाकले. १९ दिवसांनी उत्तर आलं, 'या पुस्तकाचे तीनच अध्याय आहेत.' डोकं फिरलं. एक स्टार देऊन मोकळी झाले.

तो स्टार आता मागे घेतेय. मामांकडचं छापील हिब्रू तनाख उघडलं, तर खरंच तीनच. मराठीतला चौथा अध्याय तिथे तिसऱ्याच्याच शेपटाला जोडलाय. आपलं वचन ३:२३. स्तोत्रांतही तीच गंमत. 'आदोन ओलाम' या प्रार्थनागीतातलं 'बेयादो आफ्कीद रूही' हुडकायला गेले, निकाल शून्य. गाण्यात 'त्याच्या हाती' आहे, स्तोत्रात 'तुझ्या हाती'. पहिला शब्द गाळला तेव्हा ३१:६ मिळालं. मराठीत तेच ३१:५, कारण 'दाविदाचं स्तोत्र' हा मथळाही हिब्रूत एक वचन म्हणून मोजतात. चूक त्यांची नव्हती, मान्य. पण मग मेलमध्ये हे एक वाक्य लिहायला काय झालं होतं? ७४९ रुपयांत मराठी बायबलातल्या क्रमांकांचा एक रकाना बसत नाही?

तरी तीन स्टार देतेय, ते 'ओसे शालोम'साठी. 'जो आपल्या उच्चस्थानी शांती राखतो', ही ओळ मला दाविद राजाच्या स्तोत्रांतली वाटायची. निघाली ईयोब २५:२! बोलतोय कोण, तर बिल्दद. अंगभर फोड घेऊन राखेत बसलेल्या मित्राला, ईयोबाला, उपदेश पाजणारा. त्याचं ते भाषण अवघं सहा वचनांचं, आणि त्यातलीच ओळ आम्ही डोळे मिटून गातो. मामांना सांगितलं तर म्हणाले, 'गाणं बिघडवू नकोस.'

ऑटो-रिन्यू बंद केलंय. वहीतली अकरा गाणी उरलीत, या सहा महिन्यांत उरकायची.