‘शेरशाह’ घरात, ‘मेजर’ थिएटरात

‘शेरशाह’ ऑगस्ट 2021 मध्ये थेट प्राइमवर आला, तो आम्ही फोंड्याला घरीच पाहिला. ‘मेजर’ जून 2022 मध्ये पणजीला थिएटरात, बाहेर धो धो पाऊस. ‘शेरशाह’मधले कॅप्टन विक्रम बत्रा 7 जुलै 1999 रोजी कारगिलमध्ये शहीद झाले, ‘मेजर’मधले मेजर संदीप उन्नीकृष्णन नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईच्या ताजमध्ये. दोन्हीकडे शेवट ठाऊकच. तरी रडण्याची तऱ्हा वेगळी.

घरी बत्रांच्या ‘ये दिल माँगे मोर’ या विजयघोषाला भाच्यांनी सोफ्यावर उड्या मारल्या. युद्ध मुलांचं. मावशीचं लक्ष मात्र बत्रांच्या प्रेयसीकडे. सिनेमा संपला, चहा झाला, तरी तिचा प्रश्न तोच, ‘‘मग तिनं लग्न केलंच नाही?’’ मध्ये दोनदा वीज गेली, त्यामुळे लढाईही हप्त्याहप्त्यानं झाली.

थिएटरात पॉज नाही. सुरुवातीला शिट्ट्या होत्या, मागे कुणाचा तरी फोनही वाजला. पण उन्नीकृष्णन यांचा साथीदारांना ‘वर येऊ नका’ हा निरोप आला आणि पॉपकॉर्नच्या पिशव्यांचा आवाजसुद्धा थांबला. माझ्या शेजारचे आजोबा दिवे लागल्यावरही ओली छत्री मांडीवर घेऊन बसून होते. ‘‘आईबापांचं काय हो?’’ एवढंच म्हणाले.

सिनेमा म्हणून मला ‘शेरशाह’ जास्त बांधलेला वाटतो. ‘मेजर’मधलं लग्नाचं प्रकरण लांबतं. पण पुन्हा निवडायचं झालं तर मी थिएटरच निवडेन. मावशी ‘शेरशाह’ची गाणी अजून लावते, लढाई आली की बंद करते.