पॅकर्स-मूव्हर्सवाल्याने ३४,०४० ला बुडवलं, बदली होणाऱ्यांनी वाचा

मी टॅक्स अकाउंटंट. मे महिन्यात पुणे ऑफिसातून नागपूर ऑफिसला बदली झाली, जॉइनिंगला नऊ दिवस आणि त्यात २० तारीख तोंडावर, म्हणजे सगळ्या क्लायंटचं थ्रीबी, जीएसटीचं महिन्याचं रिटर्न. घरी यायला रात्रीचे अकरा वाजायचे. नेटवर चौकशी टाकली तर अर्ध्या तासात सहा फोन. एकाने २४,५०० सांगितले, पॅकिंग, इन्शुरन्स, जीएसटी सगळं धरून, बाकीचे ३२ हजाराच्या खाली येईनात. तिथेच शंका यायला हवी होती.

पण खरं जिवाला लागलंय ते वेगळंच. कोटेशनवर जीएसटी नंबर होता, २७ ने, म्हणजे महाराष्ट्राच्या कोडने सुरू होणारा, पूर्ण १५ अक्षरी. वर नाव छापलेलं प्रायव्हेट लिमिटेड, आणि नंबरातलं सहावं अक्षर पी. पी म्हणजे व्यक्ती, कंपनी असती तर तिथे सी आलं असतं. हे मी ऑफिसातल्या नव्या पोरांना शिकवतो! नंतर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघितलं तर भलत्याच माणसाच्या हार्डवेअर दुकानाचा नंबर, तोही कॅन्सल. लॉगिनसुद्धा लागत नाही हो, एका मिनिटाचं काम. पैसे द्यायच्या आधी नंबर तपासा, मग बाकीचं बोला.

५,००० ॲडव्हान्स दिले, सामान भरताना १०,०००. बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची ट्रान्सपोर्टची पावती, मागितली तर म्हणाला व्हॉट्सॲपवर पाठवतो. बिल्टी हातात आल्याशिवाय आणि ट्रकच्या नंबर प्लेटचा फोटो काढल्याशिवाय गाडी हलू देऊ नका.

तिसऱ्या दिवशी फोन, सामानाची किंमत सहा लाख, ३ टक्के इन्शुरन्स १८,००० आणि त्यावर जीएसटी, असे २१,२४० भरा, रिफंडेबल आहेत. भरले. मग म्हणे ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, नाही म्हणून गाडी अडवलीये, १२,८०० दंड. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही, मी त्याला नियम सांगितला तर म्हणतो, साहेब मग तुम्हीच या सोडवायला. कुठे जाणार होतो? गाडी कुठे आहे तेच सांगत नव्हता. नागपूरचा मे, कूलर ट्रकमध्ये, आई बीपीची पेशंट आणि आम्ही सतरंजीवर. कुणीही भरले असते.

पोलिसांकडे गेलो तर नागपुरात म्हणाले सामान पुण्यात भरलं, तिकडे जा. पुण्यात फोन केला तर पैसे नागपुरातून गेले, तिकडेच द्या. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, मोबाईलवर काढून दाखवलं. साहेबांनी वाचलंसुद्धा नाही, हा तुमचा आपसातला व्यवहार आहे म्हणाले. तीन चकरा मारल्या, तीन हाफ डे गेले, हातात साधी पोच नाही. आणि स्वतःच्या कंपनीतला एचआर म्हणतो, व्हॅलिड बिल नाही म्हणून शिफ्टिंगचा खर्च पास होणार नाही. बदली कुणी केली होती माझी?

अकराव्या दिवशी उरलेले ९,५०० रोख मोजून घेतले तेव्हा सामान उतरलं. एकूण ५८,५४०, ठरलेल्या २४,५०० पेक्षा ३४,०४० जास्त. फ्रिजचं दार चेपलेलं, आणि आईचं शिलाई मशीन आलंच नाही. यूपीआयच्या पावत्या, कॉल रेकॉर्डिंग ठेवलंय म्हणून ग्राहक आयोगात तक्रार करतोय, राहतो तिथेच करता येते आणि पाच लाखापर्यंत फी नाही. तुम्ही पण सगळं जपून ठेवा, रोख देऊ नका. आई अजून विचारते, मशीन कधी येणार.