वाचनालयासाठी व्हॉट्सॲप: ग्रुप काढायचा, चॅनेल की साधी ब्रॉडकास्ट लिस्ट?

ओळखीतले ग्रंथपाल भेटले की हल्ली प्रश्न ठरलेला, सभासदांसाठी व्हॉट्सॲपवर नक्की काय काढू? मी तिन्ही करून बसलोय. आमचं तालुक्याच्या गावातलं ‘ब’ वर्ग वाचनालय, सभासद चारशेच्या आसपास, देवघेवीला मी आणि एक लिपिक, तेव्हा माझा अनुभव तेवढ्याच मापाचा आहे हे आधीच सांगून टाकतो. शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाचं गणित वेगळं असू शकतं.

फेसबुक पेजचा विषय आधी संपवतो. पेज असू द्या, पण ते संचालक मंडळासाठी आणि गाव सोडून गेलेल्यांसाठी असतं. वाचन प्रेरणा दिनाचे फोटो टाकले की पुण्या-मुंबईहून, एखादी अमेरिकेतूनही कमेंट येते, ‘शाळेत असताना इथूनच पुस्तकं न्यायचो’. यातूनच आम्हाला एकदा दोन कपाटं देणगीत मिळाली, त्यामुळे नावं ठेवणार नाही. पण रोज संध्याकाळी पुस्तक बदलायला येणारा माणूस तिथं फिरकत नाही.

आता ग्रुप. सगळ्यांची सुरुवात इथूनच होते, आमचीही झाली. एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, म्हणजे जागेची अडचण नाही. अडचण काय ते दिवाळीत कळलं. दिवाळी अंकांची योजना आपल्याकडे सगळीकडेच असते, वेगळी वर्गणी भरायची आणि अंक फिरवायचे. मी आलेल्या अंकांच्या मुखपृष्ठांचे फोटो ग्रुपवर टाकले आणि ‘मला हा हवा’, ‘माझा नंबर लावा’ असे मेसेज धडाधड सुरू झाले, मध्येच कोणाचा तरी वाढदिवस, मग त्याला शुभेच्छा, मग एक सुविचार, आणि या सगळ्यात पहिला नंबर कोणाचा यावरून दोन ज्येष्ठ सभासदांची जुंपली. दोघंही मोबाइल घेऊन काउंटरवर हजर, वेळ दाखवायला. ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयांसाठी पंचसूत्री मांडली त्यातलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असं आहे, तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं हे बरंच.

पण हे सगळं मी चालवून घेतलं असतं. गंमतही असते त्यात, गाव आहे, चालायचंच.

चालवून घेता आलं नाही ते वेगळंच. आमच्या एक सभासद ताई, नेहमीच्या वाचक, त्यांनी मला पर्सनलवर विचारायचं ते चुकून ग्रुपवर टाकलं. घटस्फोटाच्या कायद्यावर मराठीत सोपं पुस्तक आहे का, एवढंच. पाचेक मिनिटांत लक्षात आलं तेव्हा त्यांनी सगळ्यांसाठी डिलीट केलं, पण तोवर बऱ्याच जणांनी वाचलेलं. ‘काय झालं ताई?’ असं एकानं लगेच विचारलं, दुसऱ्यानं हात जोडले, आणि संध्याकाळपर्यंत काउंटरवर मलाच लोक आडून आडून विचारायला लागले. ताई पुढं दोन महिने आल्या नाहीत, हातात असलेलं पुस्तक भावाबरोबर पाठवून दिलं. त्यांना ते स्वतःसाठी हवं होतं की आणखी कोणासाठी, हे मी तेव्हाही विचारलं नाही.

आणि खरं सांगायचं तर यात मीसुद्धा धुतल्या तांदळासारखा नाही. त्याच्या आधी मीच एकदा थकीत पुस्तकांची यादी नावांसकट ग्रुपवर चिकटवली होती, कोणाकडे कोणतं पुस्तक किती दिवस. पुस्तकं भराभर परत आली, मला वाटलं काय छान आयडिया आहे. पण कार्ड पद्धतीत कोण काय वाचतो हे फक्त आपल्याला माहीत असायचं, शेजारच्या खुर्चीवर पेपर वाचणाऱ्याला नाही. ते मी एका मेसेजमध्ये सगळ्या गावाला वाटून टाकलं, आणि ताईंचा प्रकार होईपर्यंत माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. शिवाय ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, बायकांचेही, त्यावरून एक-दोन तक्रारी आल्याच होत्या.

तेव्हा ग्रुप बाजूला ठेवून चॅनेल काढलं. व्हॉट्सॲपचं चॅनेल भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आलं आणि नंबर लपवण्याच्या बाबतीत ते चोख आहे, एका फॉलोअरला दुसरा दिसत नाही, तुमचाही नंबर त्यांना दिसत नाही. क्यूआर कोड छापून दारावर लावला की काम झालं. शांतता म्हणजे काय शांतता! पण आमच्यासाठी ती जरा जास्तच झाली. नवीन पुस्तकांचा फोटो टाकला की बदामांचा पाऊस पडायचा आणि मागणी मात्र एकही नाही, कारण उत्तर द्यायची सोयच नव्हती. बदाम कोणी दिला हे कळत नाही, मग नंबर कोणाचा लावू? शिवाय जुन्या पोस्ट महिनाभराच्याच मागे दिसतात, त्यामुळे जूनमध्ये टाकलेली पुस्तकांची यादी ऑगस्टमध्ये आलेल्या सभासदाला बघता येत नाही. वेळ बदलली, सुट्टी आहे, व्याख्यान आहे, एवढंच सांगायचं असेल तर चॅनेल उत्तम, हे मी कबूल करतो. मोठ्या ग्रंथालयाला कदाचित तेच सोयीचं पडेल.

टेलिग्रामचं विचाराल तर अभ्यासिकेतल्या पोरांसाठी ठेवलंय. एमपीएससी, पोलीस भरतीवाली मुलं तसंही तिथंच पडीक असतात, नवीन मुलाला जुने मेसेज पहिल्यापासून दिसतात, जाहिरात कधी आली ते शोधता येतं. पण मराठी पुस्तकांच्या चोरीच्या पीडीएफही तिथं सर्रास फिरतात आणि मुलं भाबडेपणानं आपल्याकडेच मागतात, ‘सर, पीडीएफ टाका ना’. त्यामुळे तिथं फक्त मीच पोस्ट करतो. कथा-कादंबरीवाले काका-काकू टेलिग्राम घ्यायला तयार नाहीत, आणि मी आग्रहही केला नाही.

राहिली ब्रॉडकास्ट लिस्ट. जुनी, साधी, कोणी तिचं नाव काढत नाही. तुम्ही एकदाच मेसेज टाकायचा, प्रत्येकाला तो वेगळा, पर्सनल आल्यासारखा जातो, आणि उत्तर फक्त तुमच्याकडे येतं. संपलं. गेल्या दिवाळीत अंकांचे फोटो असेच पाठवले, ‘मला हा हवा’ माझ्याकडे ओळीनं आले, मी वेळ बघून वहीत नंबर लावले आणि कोण कोणाच्या आधी हे कोणालाच कळलं नाही. भांडण नाही. थकलेल्या पुस्तकाची आठवण आता ज्याची त्याला जाते. आणि त्या ताई परत यायला लागल्यात, काय हवं ते मेसेज करून विचारतात.

कटकट आहे, नाही असं नाही. एका लिस्टमध्ये २५६ नंबरच बसतात, म्हणून मी दोन केल्यात. त्याहून मोठी कटकट म्हणजे समोरच्यानं आपला नंबर सेव्ह केलेला असेल तरच मेसेज पोचतो, नाहीतर जातच नाही आणि त्याला काही कळतही नाही. पहिल्या महिन्यात निम्म्या लोकांना मेसेज मिळालाच नव्हता आणि मी मात्र खूश. आता सभासदत्वाचा फॉर्म भरतानाच काउंटरवर नंबर सेव्ह करून घेतो, वयस्कर असतील तर आमचा लिपिक स्वतः करून देतो. पाठवलेल्या मेसेजच्या माहितीत कोणाला पोचला ते दिसतं, महिन्यातून एकदा तेवढं बघून घ्यायचं. पुस्तक बदलायला आले की आठवण करायची, ‘काका, आमचा नंबर सेव्ह केलाय ना?’

हजारभर सभासद असतील तर चार-पाच लिस्ट सांभाळणं जिवावर येईल, तिथं चॅनेलवर सूचना आणि मागणीसाठी वेगळा नंबर असं काहीतरी करावं लागेल बहुतेक. आणि काहीही काढा, सिम वाचनालयाचं घ्या, स्वतःचा नंबर देऊ नका. मी पहिलं वर्ष दिला होता. रात्री साडेअकराला फोन आला होता, दुसरा भाग आला का म्हणून.

जुना ग्रुप अजून आहे, अध्यक्षांचा जीव त्यात गुंतलाय. फक्त ॲडमिन लिहू शकतील अशी सेटिंग करून ठेवलीय. सुविचारवाले काका आता रोज काउंटरवर येऊन तोंडीच सांगतात.