जुन्या मोटारीचे कागद कोणाच्याही हाती देऊ नका

ज्यांच्या वाड्यात किंवा गोठ्यात आजोबांची जुनी मोटार धूळ खात उभी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. सध्या गावोगाव फिरणाऱ्या लोकांना तुमची गाडी नकोच असते. त्यांना तिचे कागद हवे असतात.

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. मालगुजारी 1951 ला गेली, आजोबांचा मोटारीचा शौक मात्र गेला नाही. 1958 मध्ये मद्रासच्या एका गृहस्थाकडून त्यांनी एमजी टीसी ही इंग्लिश बनावटीची स्पोर्ट्स गाडी घेतली आणि रेल्वेने वर्ध्याला उतरवली. उघडी, दोघांपुरती, तारांच्या चाकांची गाडी. आधीच्या मालकाने ती मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवरच्या शर्यतींत पळवलेली. दारावर आकडा रंगवलेल्या गाडीशेजारी उभा असलेला तो मालक, असा एक फोटो आमच्याकडे होता. त्याची आजोबांना आलेली पत्रं होती. मद्रासचं नोंदणी पुस्तक होतं आणि त्यावर मुंबई राज्याचा शिक्का, कारण 1956 ते 1960 विदर्भ मुंबई राज्यात होता. आजीने हे सारं पत्र्याच्या पेटीत जपलं. गाडीचे हाल झाले होते. मूळ इंजिन केव्हाच जाऊन अ‍ॅम्बेसेडरचं बसलं होतं.

गेल्या साली तुरी निघाल्यावर ओळखीचा एक दलाल शहरातल्या माणसाला घेऊन आला. म्हणे लिलाव कंपनीचा तज्ज्ञ. त्याने काकाजींना मोबाइलवर आकडे दाखवले. मर्सिडीज 300 एसएलआर कूपे, मे 2022, साडेतेरा कोटी युरो. फेरारी 250 जीटीओ, 2018, 4 कोटी 84 लाख डॉलर. आकडे खरे आहेत. पण ती मर्सिडीज जगात दोनच घडल्या आणि ती फेरारी 36, हे त्याने सांगितलं नाही. टीसी 1945 ते 1949 दरम्यान दहा हजार निघाल्या. सहा-सात शून्यांचा आकडा दिसला की घरातलं बोलणंच बदलतं, आणि त्याला तेच हवं होतं.

त्याने इंजिनकडे पाहिलंच नाही. टॉर्च घेऊन तो पुढच्या डाव्या चाकाजवळ मातीत आडवा झाला, डिझेलच्या फडक्याने चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पुसली आणि नंबर वाचला. टीसीचे नंबर 0251 पासून सुरू होतात, कारण एमजीच्या इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर 251 होता. हे त्याला पाठ होतं. मग त्याने पेचकसने नंबरची पाटी काढली आणि रुमालात गुंडाळली. पेटीतले कागद आणि फोटो "पडताळणीसाठी" मागितले. काकाजी थबकले, तेव्हा दलाल म्हणाला, "मी हावो ना काकाजी, आठ दिवसात वापस आणून देतो." अकरा हजार टोकन ठेवलं आणि "पावती" म्हणून इंग्रजी मजकुरावर सही घेतली. सोबत फॉर्म 29 आणि 30, कोरेच. मालकी बदलायला आरटीओत हेच दोन फॉर्म लागतात.

नंतर दोघांचेही फोन बंद. पुढे नागपूरच्या एका मेकॅनिकने आम्हाला फोटो पाठवला: दुसऱ्या राज्यात विक्रीला लागलेली चकचकीत लाल टीसी, आमचाच नंबर, शेजारी चौकटीत आमचाच शोलावरमचा फोटो. आमची गाडी हिरवी, आणि ती अजून गोठ्यातच उभी आहे.

कागदांना एवढं मोल का, ते नीट समजून घ्या. 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल मांची 24 तासांची शर्यत जिंकलेल्या बेंटलीचा, 'ओल्ड नंबर वन'चा, एक कोटी पौंडांचा सौदा इंग्लंडच्या कोर्टात गेला होता. घेणारा म्हणत होता, हिचे भाग बदललेत, ही ती गाडीच नव्हे. 1990 मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी ती तीच गाडी ठरवली, कारण तिचा इतिहास कुठे तुटला नव्हता. शेताला सातबारा आणि फेरफार, तसे शर्यतीच्या गाडीला हे कागद. दुसऱ्या कुठल्या तरी सांगाड्याला आमचा इतिहास चिकटवला की त्याची किंमत वाढते, आणि आमची खरी गाडी भंगाराच्या भावाची होते. शिवाय 2021 च्या नियमाने 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज गाड्यांच्या 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळू शकतो. इथे आधी नोंदलेल्या गाडीसाठी त्याला जुनं नोंदणी पुस्तक लागतं. तेच त्याने नेलं.

आम्ही पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम 318 खाली तक्रार दिली. सुरुवातीला "गाडी तर घरीच आहे ना" असं ऐकावं लागलं. आरटीओला लेखी हरकत दिली आणि पोच घेतली. हे दुसरं काम आधी करा. मालकी बदलल्यावर ते फिरवणं फार जड जातं.

तुमच्याकडे कोणी आलं, तर कागदांची झेरॉक्स दाखवा, तीही आपल्या घरी बसून. नंबर वाचू द्या, पाटीला हात लावू देऊ नका. इंग्रजी मजकूर गावातल्या मास्तरांकडून किंवा वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका, आणि कोऱ्या फॉर्मवर तर कधीच नाही. खरा घेणारा थांबतो. आपली ओळख, आपला पत्ता स्वतःहून देतो.

आणि कुणाला मद्रासच्या फोटोसकट लाल टीसी दाखवली गेली, तर पैसे देण्याआधी चासीवरचा नंबर तपासा. जुना ठोकलेला नंबर रंगाच्या थरांखाली असतो. आमचा नंबर अजून चासीवर आहे, ज्याला शंका असेल त्याने येऊन पाहावा.