डीसी आर्क प्लाझ्मा आणि तांब्याची नॅनोपावडर: वापरानंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात, तांब्याची नॅनोपावडर बनवणारं आमचं मशीन जिचं आहे त्या कंपनीने 'पॅसिव्हेशन अपग्रेड'चं (ताज्या पावडरवर ऑक्साइडचा संरक्षक थर धरू देण्याच्या सोयीचं) कोटेशन पाठवलं आणि माझं डोकंच फिरलं. पैसे मोजून मशीन घेतलं, तेव्हा हे त्यातच हवं होतं.

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या युनिटमध्ये हे मशीन दिवाळीपासून चालू आहे. आर्कबद्दल, म्हणजे तांबं वितळवून उकळवणाऱ्या विजेच्या झोताबद्दल, तक्रार नाही, उलट कौतुकच आहे. तांबं २५६२ अंशांना उकळतं, आर्कचा गाभा १०,००० अंशांच्या वर असतो. त्यात आर्गॉनमध्ये थोडा हायड्रोजन सोडला की बाष्प भराभर सुटतं आणि थंड होऊन त्याचीच पावडर बनते. मशीन थंड ठेवणारा चिलरही नाशिकच्या एप्रिलमध्ये टिकला.

सगळी बोंब आहे ती हवा आत सोडण्याच्या व्हॉल्व्हची. ५० नॅनोमीटरच्या पावडरचा पृष्ठभाग ग्रॅमला साधारण १३ चौरस मीटर भरतो. तिला एकदम हवा लागली तर ती पेटणारच. म्हणून हवा थेंबाथेंबाने सोडून कणांवर ऑक्साइडचा पातळ थर धरू द्यायचा असतो. अशा जागी कंपनीने झटक्यात पूर्ण उघडणारा बॉल व्हॉल्व्ह दिलाय! हँडल जरा हललं की हवा भसकन आत. एकदा काचेतून पाहिलं तर पावडर अडवणाऱ्या फिल्टरच्या पिशवीवर अगरबत्तीच्या टोकासारखी लाल रेघ सरकत होती. आग विझवायला आर्गॉन सोडेपर्यंत पिशवीला भोक आणि तपकिरी माल काळा. वीज, सिलेंडर, दिवस, सगळं पाण्यात. सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर म्हणे, "हळू उघडा ना साहेब." व्हिजिटचा चार्ज वेगळा.

शेवटी सातपूरमधून हवा अगदी बारीक सोडता येणारा नीडल व्हॉल्व्ह आणला आणि फिल्टरच्या मागे थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावलं. आता तापमान चढायला लागलं की हवा बंद, उतरलं की परत सुरू. अख्खी रात्र लागते, पण त्यानंतर एकही लॉट जळालेला नाही. खर्च कोटेशनच्या पासंगालाही पुरत नाही.

आर्गॉन फार खातं, असं मी सुरुवातीला सगळ्यांना सांगायचो. आता तसं म्हणणार नाही. दाराच्या ओ-रिंगवर (रबरी सीलवर) पावडर बसून गळती व्हायची. प्रत्येक रनआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने ती रिंग पुसली की सिलेंडर बराच जास्त चालतो. सांडलेली पावडर मात्र कोरड्या झाडूने कधीच झाडू नका. मास्क लावा, ओल्या फडक्यानेच टिपा.

घेणार असाल तर नीडल व्हॉल्व्ह आणि थर्मोकपल पीओमध्येच (खरेदीच्या ऑर्डरमध्येच) लिहून घ्या, आणि दोन्ही बसवलेले दिसल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका.