विज्ञान दिनाचा ओपन डे: नायट्रोजनपेक्षा माशी सरस

सी. व्ही. रामन यांच्या २८ फेब्रुवारी १९२८ च्या शोधाची आठवण म्हणून साजऱ्या होणाऱ्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने पुण्यातल्या संशोधन संस्था आपली दारे सर्वांसाठी उघडतात. नववीतल्या मुलीला घेऊन अशाच एका संस्थेत गेलो होतो. नाव देत नाही, कारण जे खटकले ते त्या एकाच संस्थेपुरते आहे असे मला वाटत नाही.

प्रवेश विनामूल्य, रांग तासाभराची, सावली अजिबात नाही. आत सर्वाधिक गर्दी द्रवरूप नायट्रोजनच्या टेबलाभोवती होती. उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या त्या द्रवात गुलाब बुडवायचा, टेबलावर आपटून त्याचा चुरा करायचा आणि टाळ्या घ्यायच्या, हा कार्यक्रम अखंड चालू होता. पेशींचे नमुने वर्षानुवर्षे टिकवण्यासाठी हाच द्रव प्रयोगशाळेत वापरतात, एवढे सांगायला अर्धे मिनिट पुरले असते; ते कोणी सांगितले नाही. “बाबा, हे यूट्यूबवर पाहिलंय,” असे म्हणून मुलगी बाजूला झाली. भिंतींवरची पोस्टर्स कुठल्याशा परिषदेतून तशीच उचलून आणलेली, इंग्रजी आणि आलेखांनी ठासून भरलेली होती. एक आजोबा चष्मा कपाळावर चढवून त्यांच्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि काही न विचारता पुढे गेले.

गेल्याचे सार्थक झाले ते दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यात. तिथे पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी फळमाश्यांच्या बाटल्या मांडून बसली होती. तळाशी मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवून ओतलेला थर, तोंडाला कापसाचा बोळा. एका बाटलीत लाल डोळ्यांच्या माश्या, दुसरीत पांढऱ्या.

“पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतात, त्याच ना या?” एका बाईंनी विचारले.

“त्याच, काकू. फक्त यांच्या खाण्यापिण्याची जबाबदारी माझ्यावर आहे.”

२५ अंश तापमानात अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला सुमारे दहा दिवस लागतात, त्यामुळे आनुवंशिकतेच्या अभ्यासाला लागणाऱ्या पिढ्या झटपट हाती येतात. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ टॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये सापडलेल्या पांढऱ्या डोळ्यांच्या एका नरावरून डोळ्यांच्या रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याचे कळले, हे तिने बाटली उजेडात धरून समजावले. मग टेबलाखालून तिसरी बाटली काढली. आत करडी बुरशी माजली होती. “ही माझी तीन आठवड्यांची मेहनत. आता सगळं पहिल्यापासून.”

“सर रागावले?” मुलीने विचारले.

“नाही. फेकायच्या आधी वहीत नोंद करायला लावली.”

संशोधन प्रत्यक्षात कसे चालते हे अख्ख्या इमारतीत त्या एका वाया गेलेल्या बाटलीने दाखवले. बाकी सगळीकडे तयार उत्तरे होती. दोन दिवस घसा बसेपर्यंत बोलण्याचा पुढे काही उपयोग होतो का, असे विचारल्यावर ती हसून म्हणाली, “उपयोग पेपरचा होतो, काका.” निवड आणि बढती शोधनिबंधांवर तोलली जाणार असेल, तर लोकांशी बोलण्याचे काम हौसेवर सोडले जाणार आणि मग नायट्रोजनच सोयीचा ठरणार.

खरे तर याहून चांगले नमुने आपल्याच जिल्ह्यात आहेत. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात विज्ञान दिनाला शाळांमधली मुले स्वतःचे प्रयोग मांडतात, म्हणजे पाहुणाच तिथे यजमान होतो. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर तर सही मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तरही स्वतः देत.

पाचपैकी तीन तारे. त्यातले दोन दुसऱ्या मजल्याचे. जाणाऱ्यांनी सकाळी लवकर जावे, पाण्याची बाटली न्यावी, नायट्रोजनची रांग सोडावी आणि प्रत्येक टेबलापाशी “यंदा काय फसलं?” असे विचारावे. बाहेर पडताना दिलेल्या अभिप्राय-पत्रकात पार्किंग, स्वच्छता आणि पिण्याचे पाणी असे तीन रकाने होते. माशीबद्दल मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहून आलो.